अड्यारकाठचा कार्तिक

मराठी वाचकाला अड्यार हे नाव परिचित आहे ते थिऑसॉफिकल सोसायटीमुळे. १८८२ च्या डिसेंबरात मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट यांनी मुंबईतले आपले बिऱ्हाड मोडले आणि मद्रासच्या दक्षिण वेशीवरील एका विस्तीर्ण बागेत संस्थेचे मुख्य ठाणे नेले. पुढे ॲनी बेझंट यांच्या वास्तव्यामुळे, जे. कृष्णमूर्ती या मुलाला १९०९ मध्ये तेथील समुद्रतीरावर लेडबीटर यांनी प्रथम हेरल्यामुळे, संस्कृत हस्तलिखितांच्या ग्रंथालयामुळे आणि पारंब्यांच्या मांडवाखाली सभा भरविता येईल अशा जुन्या वडामुळे या नावाभोवती एक शांत, काहीसे गूढ वलय निर्माण झाले. त्या वलयात मूळ गोष्ट झाकली गेली. अड्यार हे आधी एका नदीचे नाव आहे, वस्तीचे नंतर.

नदी म्हणावे अशी तिची ऐट मात्र नाही. चेन्नईच्या नैऋत्येकडील तलावांच्या सांडव्यांतून ती निघते, जेमतेम बेचाळीस किलोमीटर वाहते, विमानतळाजवळून, पुढे सैदापेठ, नंदनम, कोट्टूरपुरम अशा वस्त्यांमधून वाट काढीत सोसायटीच्या बागेच्या उत्तर कडेने समुद्रापाशी येते. समुद्राला मिळते असे म्हणायचे; वर्षातील बरेच महिने ती मिळतही नाही. किनाऱ्याला धरून उत्तरेकडे सरकणारी वाळू तिचे मुख बुजवून टाकते आणि मागे उरते ते संथ, काळपट, सांडपाण्याने जड झालेले डबके. कोळ्यांच्या सोयीसाठी १९६७ मध्ये मुखाजवळ बांधलेला एक पूल १९७७ मध्ये प्रवाहाने मोडला. त्याचे उरलेले तुकडे आजही तेथे उभे आहेत आणि तुटका पूल म्हणूनच ओळखले जातात. पण एका पुलाचे मोडणे शहर लवकर विसरते. काठावरच्या माणसाच्या लेखी अड्यार म्हणजे पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावण्याचे एक ठिकाण, एवढाच अर्थ हळूहळू उरला. विमानतळाची दुसरी धावपट्टी लांबवायची वेळ आली तेव्हा ती नदीवर पूल टाकून सरळ पलीकडे नेण्यात आली, यातही कोणाला फारसे वावगे वाटले नाही.

२०१५ च्या डिसेंबरातील पहिल्या आठवड्यात या नदीची आणि शहराची ओळख पुन्हा झाली. ती ज्या ऋतूत झाली त्याविषयी आधी थोडे सांगावयास हवे, कारण महाराष्ट्रात राहणाऱ्याची हिवाळ्याची कल्पना येथे उपयोगी पडत नाही.

आपल्याकडे कार्तिक म्हणजे पावसाचा हिशेब मिटल्याचा महिना. खळी होत असतात, पंढरपूरची कार्तिकी वारी कोरड्या वाटांनी जाते, त्रिपुरी पौर्णिमेला देवळांच्या दीपमाळा उघड्या आभाळाखाली निर्धास्तपणे तेवतात. तमिळ किनाऱ्यावर याच दिवसांत वर्षाचे मोठे पाणी पडायचे असते. जून ते सप्टेंबर नैऋत्य वारा सह्याद्री ओलांडून येईपर्यंत बराचसा रिता झालेला असतो. ऑक्टोबरात तो परततो. मराठीत त्याला परतीचा पाऊस म्हणून निरोप दिला जातो. वारा मग उलट दिशेने, ईशान्येकडून, बंगालच्या उपसागरावरून वाहू लागतो, वाटेत बाष्प उचलतो आणि तमिळ भूमीला ते देतो. चेन्नईला वर्षभरात सुमारे १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला निम्म्याहून अधिक ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर या तीन महिन्यांतला असतो. तंजावरच्या भोसल्यांनी सुमारे एकशे ऐंशी वर्षे ज्या मुलखावर राज्य केले तेथील भातशेतीही कावेरीइतकीच या पावसावर अवलंबून आहे, आणि त्या राज्याबरोबर दक्षिणेत स्थिरावलेल्या मराठी घरांना कार्तिकातल्या पावसाचे नवल कधीच उरले नसावे.

हा पाऊस संथ, दिवसच्या दिवस झिमझिमणारा नव्हे. कोकणातल्या आषाढाचा त्याला स्वभाव नाही. समुद्रावर कमी दाबाचा पट्टा तयार होतो, सरकतो, कधी त्याचे वादळ होते, कधी होत नाही. दोन दिवस धो धो पडून आठ दिवस ऊन पडते. म्हणून येथे सरासरीला फारसा अर्थ नसतो. हे जुन्या दर्यावर्दींना पुरेपूर ठाऊक होते. मद्रासला बंदर नव्हते, जहाजे उघड्या समुद्रात नांगरून पडत. ऑक्टोबरच्या मध्यावर सेंट जॉर्ज किल्ल्यावरचा ध्वज उतरविला जाई आणि तो उतरला की जहाजांनी किनारा सोडून जावे असा संकेत असे; डिसेंबरच्या मध्यापर्यंत परतणे नाही. १७४६ मध्ये मद्रास जिंकून बसलेल्या ला बूर्दोने या फ्रेंच सेनानीने हा संकेत पाळला नाही. ऑक्टोबरातल्या एका रात्रीच्या वादळात त्याच्या आरमाराची दाणादाण उडाली. इंग्रजांना जे साधले नव्हते ते हवामानाने साधले.

अशा किनाऱ्यावर आकाशाची नोंद ठेवण्याची गरज लवकर भासावी हे स्वाभाविक होते. नुंगंबाक्कम येथील वेधशाळा १७९२ मध्ये उभी राहिली. मुंबईची कुलाबा वेधशाळा त्यानंतर तीन दशकांनी झाली. ती उभारणारा मायकेल टॉपिंग हा कंपनीचा भूमापक आणि खगोलवेत्ता. त्याचे नाव कोरलेला दगडी स्तंभ अजून त्या आवारात आहे. १७९६ पासून तेथे हवामानाची नियमित निरीक्षणे सुरू झाली, १८१३ पासूनचे पर्जन्यमान उपलब्ध आहे. टॉपिंगनंतर आलेल्या गोल्डिंगहॅमने तर सेंट जॉर्ज किल्ला आणि सेंट थॉमस टेकडी येथील तोफांचे आवाज ऐकून ध्वनीचा वेग मोजला आणि तो हवेच्या स्थितीप्रमाणे बदलतो हे पाहिले. ही टेकडी अड्यारच्या काठापासून फार दूर नाही.

टॉपिंगविषयी मात्र आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी सहसा सांगितली जात नाही. अखेरच्या वर्षांत कंपनीने त्याच्याकडे तलावांच्या आणि पाण्याच्या वाटांच्या दुरुस्तीचे काम सोपविले होते. ज्या माणसाने आभाळ मोजण्याची सोय केली त्याच्याकडेच जमिनीवरच्या पाण्याची देखरेख होती, आणि दोन्ही कामे एकाच विषयाची दोन अंगे आहेत हे त्या काळच्या व्यवस्थेने, निदान काही काळ, मान्य केले होते. १७९६ मध्ये टॉपिंग वारला. पहिले काम वाढत गेले. दुसऱ्याची परवड झाली.

त्या दुसऱ्या कामाचा पसारा केवढा होता हे कळण्यासाठी चेन्नईच्या पश्चिमेचा आणि नैऋत्येचा मुलूख पाहावा. सपाट, किंचित समुद्राकडे उतरती जमीन. बारमाही नदी नाही. पाऊस तीन महिन्यांचा आणि तोही लहरी. यावर तेथील शेतकऱ्याने शोधलेला उपाय म्हणजे एरी, अर्थात तलाव. उताराला आडवा मातीचा बांध घालायचा, पाणी अडवायचे, मोऱ्यांतून शेतांना द्यायचे आणि जास्तीचे पाणी सांडव्यावरून खालच्या तलावाकडे सोडायचे. एकाचा सांडवा हा दुसऱ्याचा झरा. भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी तलाव ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही रचना चटकन उमगेल. जुन्या चिंगलपट जिल्ह्यात असे तलाव हजारोंनी होते. उत्तिरमेरूरच्या मंदिरातील दहाव्या शतकाच्या पूर्वार्धातले परांतक चोळाचे लेख मडक्यात चिठ्ठ्या टाकून सभासद निवडण्याच्या पद्धतीसाठी प्रसिद्ध आहेत. भारतीय लोकशाहीचे दाखले देताना ते हटकून उद्धृत होतात, परंतु निवडलेल्या त्या सभासदांनी करायचे काय, हा प्रश्न क्वचित विचारला जातो. त्यांच्या समित्यांपैकी एक एरी वारियम होती, म्हणजे तलाव सांभाळणारी.

अड्यार ही या साखळीची शेवटची कडी. तिला उगम असा नाही, तिच्या वरच्या अंगाचे तलाव भरले की जे उरते ते तिचे पाणी. म्हणून तलाव जोवर तलाव होते तोवर ती बहुतेक कोरडी असणे हे तिच्या रोगाचे नव्हे, साखळीच्या आरोग्याचे लक्षण होते. तलाव गाळाने भरले, त्यांवर घरे झाली, की तेच पाणी थांबण्याचे टप्पे न घेता एकदम खाली येणार. शहराने आपल्या हद्दीतले तलाव आधी संपविले. मांबळमचा लांबलचक तलाव १९२० नंतरच्या दशकात भरून त्यागराय नगर वसले. लेक व्ह्यू रोड हे एका रस्त्याचे नाव तेवढे राहिले, तळे पाहायला मिळत नाही. नुंगंबाक्कमच्या तलावाच्या जागी १९७६ मध्ये वळ्ळुवर कोट्टम हे स्मारक झाले, म्हणजे वेधशाळा असलेल्या त्याच भागात. पुढे शहर दक्षिणेला आणि पश्चिमेला पसरले तसे ताम्बरम, मुडिच्चूर, वेळच्चेरी, पळ्ळिकरणै येथील तलाव, त्यांचे पाट आणि दलदली यांची पाळी आली. दप्तरात या जमिनींना पुरंपोक्कु म्हणत, आपल्याकडच्या गायरानासारखी सर्वांची म्हणून कर न लागणारी जमीन. कर नाही म्हणजे मोल नाही, असा अर्थ महसुली भाषेतून व्यवहारात उतरायला फार काळ लागला नाही.

२०१५ साली त्रिपुरी पौर्णिमा आणि तमिळांचा कार्तिगै दीपम हे दोन्ही २५ नोव्हेंबरला, एकाच दिवशी आले. कर्णानंतर दान नाही आणि कार्तिकानंतर पाऊस नाही, अशा आशयाची एक म्हण तमिळमध्ये आहे. त्या वर्षी दिवे लागले तेव्हा पाऊस आटोपला असे मानायला लोक उत्सुकही होते, कारण नोव्हेंबर फार जड गेला होता. नुंगंबाक्कमला त्या एका महिन्यात १,०४९ मिलिमीटर पाऊस झाला. १९१८ च्या नोव्हेंबरातील १,०८८ नंतर एवढा कधी झाला नव्हता. तलाव काठोकाठ होते. जमिनीत मुरायला जागा नव्हती. महिन्याच्या मध्याला चेंबरंबाक्कमच्या जलाशयातून एकदा पाणी सोडावे लागले होते आणि नदीकाठच्या वस्त्यांना त्याचा फटका बसला होता.

महिन्याच्या अखेरीस उपसागराच्या नैऋत्य भागात आणखी एक कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले. त्याचे वादळ झाले नाही, म्हणून त्याला नावही मिळाले नाही. वाऱ्याची भीती नसलेले हवामान माणूस गंभीरपणे घेत नाही, आणि वाऱ्याने त्या आठवड्यात खरोखर काहीच केले नाही. हवामान खात्याने जोरदार पावसाचा इशारा दिलेला होता. परंतु खात्याच्या परिभाषेतील सर्वांत वरच्या वर्गाला वरची मर्यादा नसते. पंचवीस सेंटीमीटर आणि पन्नास सेंटीमीटर हे दोन्ही त्या एकाच शब्दात मावतात. नदीकाठी राहणाऱ्याच्या दृष्टीने या दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर असते.

३० नोव्हेंबरच्या रात्री पाऊस सुरू झाला. मंगळवारी, १ डिसेंबरला, तो दिवसभर पडत राहिला आणि संध्याकाळनंतर वाढला. पूर्वेकडून येणारे बाष्पाने लदलेले ढग शहराच्या दक्षिण आणि पश्चिम अंगावर एकामागून एक येऊन त्याच जागी रिते होत होते. बुधवारी सकाळी साडेआठला चोवीस तासांचे आकडे घेतले गेले तेव्हा नुंगंबाक्कमला २९ सेंटीमीटर, मीनंबाक्कमच्या विमानतळावर ३४, चेंबरंबाक्कमला ४७ आणि ताम्बरमला ४९ सेंटीमीटर पाऊस झालेला होता. नुंगंबाक्कमच्या दप्तरात डिसेंबरातील एका दिवसाचा आधीचा उच्चांक १९०१ चा होता, २६ सेंटीमीटरांचा. तो मोडला. पण वर्षातील कोणत्याही दिवसाचा विचार केला तर १९७६ च्या २५ नोव्हेंबरला याच ठिकाणी ४५ सेंटीमीटर पाऊस पडल्याची नोंद आहे. अभूतपूर्व हा शब्द त्या आठवड्यात फार वापरला गेला. शहराच्याच कागदपत्रांत त्याला आधार कमी होता.

चेंबरंबाक्कमचा तलाव शहराच्या पश्चिमेला सुमारे पंचवीस किलोमीटरवर आहे. शतकानुशतके तो शेतीचा एरीच होता, पुढे चेन्नईच्या पिण्याच्या पाण्याचा आधार झाला. येथेच त्या आठवड्याची कळीची गाठ आहे. पिण्याच्या पाण्याचा जलाशय भरलेला असावा असे राखणाऱ्याला वाटते, पुराच्या दृष्टीने तो थोडा रिकामा असावा लागतो. उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरमागे धावणाऱ्या शहराचा तलाव डिसेंबरात रिता करण्याचा निर्णय घेणारा अधिकारी कोणत्या बळावर तो घेणार? पाऊस पडलाच नाही तर एप्रिलमध्ये त्याला जाब द्यावा लागेल, आणि पडला तर डिसेंबरात. १ डिसेंबरला दिवस चढला तसा विसर्ग वाढवीत नेण्यात आला आणि संध्याकाळपर्यंत तो सेकंदाला २९,००० घनफुटांवर पोहोचला. रात्रभर तो तसाच राहिला.

त्याच वेळी, आणि हे अनेकांच्या ध्यानात आले नाही, नदीत दुसऱ्या बाजूनेही पाणी येत होते. आदनूर, मणिमंगलम, मुडिच्चूर या भागातील तलावांचे पाणी अड्यारच्या दक्षिण फाट्याने येते. त्या तलावांना दरवाजे नाहीत, सांडवे आहेत. ते उघडावे लागत नाहीत आणि बंद करता येत नाहीत. काही तलाव फुटले. ताम्बरमवर पडलेला ४९ सेंटीमीटर पाऊस याच वाटेने आला, आणि चेंबरंबाक्कमच्या पाण्याला तिरुनीरमलैच्या आसपास मिळाला.

मध्यरात्रीनंतर नदी घरांत शिरली. सैदापेठचा मरैमलै अडिगळ पूल पाण्याखाली गेला. जाफरखानपेठ, ईक्काडुतांगळ, कोट्टूरपुरम येथे तळमजले बुडाले, काही ठिकाणी पहिल्या मजल्यापर्यंत पाणी आले. ज्यांना इशारा मिळाला त्यांना तो पाणी दिसू लागल्यावर मिळाला, असे पुढे अनेकांनी सांगितले. वीज गेली, दूरध्वनी गेले. सगळे व्यवहार दूरसंदेशांवर सोपवून बसलेल्या शहराला आपले शेजारी कोण हे त्या रात्री दारोदार जाऊन पाहावे लागले. नदीकाठच्या एका रुग्णालयात विजेची पर्यायी व्यवस्था बंद पडून अतिदक्षता विभागातील रुग्ण दगावल्याचे वृत्त आले. बुधवारी ‘द हिंदू’ हे दैनिक चेन्नईत छापले गेले नाही. १८७८ मध्ये निघालेल्या या पत्राच्या इतिहासात असे प्रथमच घडले. कामगार छापखान्यापर्यंत पोहोचू शकले नव्हते.

विमानतळाच्या धावपट्टीवर नदी आली होती, किंवा अधिक नेमके सांगायचे तर धावपट्टी नदीत होती. मंगळवारी रात्री बंद पडलेली वाहतूक सुरळीत व्हायला रविवार उजाडला. मधल्या दिवसांत अरक्कोणम येथील नौदलाच्या तळावरून प्रवासी विमाने सोडण्यात आली. गुरुवारी पंतप्रधानांनी पाहणी केली. सैन्य, नौदल आणि आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या आल्या. तथापि पहिल्या तासांत कोट्टूरपुरमच्या गल्ल्यांत ज्या होड्या फिरल्या त्यांतल्या कित्येक कोळ्यांच्या होत्या. किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांतून त्यांनी आपल्या होड्या ट्रकांवर चढवून आणल्या. पाणी ओसरल्यावर साचलेला चिखल आणि भिजलेल्या सामानाचे ढीग उपसण्यासाठी इतर जिल्ह्यांतून सफाई कामगार आणले गेले. त्यांचे उल्लेख वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर सापडतात. शुक्रवार-शनिवारी पावसाच्या सरी येतच होत्या, मात्र नदी उतरू लागली होती. पुढच्या पंधरवड्यात मार्गळी महिना लागला आणि चेन्नईच्या सभागृहांत संगीताचा मोसम नेहमीप्रमाणे, पण काहीशा संकोचाने सुरू झाला.

मग दोष कोणाचा हा वाद सुरू झाला आणि तो दरवाजांपाशी येऊन थांबला. दरवाजे वेळेवर का उघडले नाहीत? उघडल्यावर एवढे का उघडले? भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने, जो २०१८ मध्ये विधानसभेत ठेवला गेला, या पुराला मानवनिर्मित आपत्ती ठरविले आणि चेंबरंबाक्कममधून सुमारे २१ तास चाललेल्या त्या विसर्गावर कठोर ताशेरे ओढले. शासनाचे म्हणणे होते की जलाशयाची सुरक्षितता पाहता दुसरा मार्ग नव्हता. यात महालेखापरीक्षकांची बाजू जड आहे, यात शंका नाही. मोठ्या पावसाचा इशारा हाती असताना भरलेला तलाव भरलेलाच ठेवणे हा निष्काळजीपणाच होय. मात्र संपूर्ण पूर त्या दरवाजांच्या माथी मारणे हेही सोयीचेच आहे. दरवाजाला अधिकारी असतो, त्याच्यावर ठपका ठेवता येतो. मुडिच्चूरच्या बुजलेल्या पाटाला अधिकारी नसतो. तेथे वसाहतींना परवानगी देणारे, भूखंड पाडणारे, विकणारे आणि विकत घेणारे असे इतके हात असतात की दोष वाटता वाटता नाहीसा होतो. चेंबरंबाक्कममधून किती पाणी गेले त्याचा तासातासाचा हिशेब शासन देऊ शकले. दक्षिण फाट्याने किती आले त्याचा आकडा अभ्यासकांना मागाहून अंदाजाने काढावा लागला. ज्या शहराने १८१३ पासूनचा पाऊस लिहून ठेवला त्या शहरात नदीच्या एका अंगावर पाणी मोजणारे कोणी नव्हते.

हवामानबदलाचेही नाव घेतले गेले. एका आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने या पावसाची छाननी केली तेव्हा त्यात जागतिक तापमानवाढीचा स्पष्ट ठसा आढळला नाही. एल निन्योचा हात मात्र होता. त्या वर्षी विषुववृत्तीय प्रशांत महासागराचे पाणी विलक्षण तापले होते, आणि अशा वर्षांत नैऋत्य पाऊस दुबळा तर ईशान्य पाऊस सबळ होण्याकडे कल असतो.

येथे अड्यारची गोष्ट महाराष्ट्राच्या गोष्टीला येऊन भिडते. त्याच २०१५ च्या नैऋत्य मोसमात देशभर पाऊस चौदा टक्क्यांनी कमी पडला आणि मराठवाड्यात ही तूट सुमारे चाळीस टक्क्यांची होती, तीही लागोपाठ दुसऱ्या दुष्काळी वर्षात. मांजरा धरण कोरडे पडले. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. चेंबरंबाक्कमचा विसर्ग लिटरांत मांडला तर तो सेकंदाला आठ लाखांच्या वर जातो. लातूरकर ज्या गाडीकडे डोळे लावून बसले होते तिच्यातले सगळे पाणी त्या रात्री एका सेकंदाच्या आत दरवाजांतून गेले असते. पुढे पन्नास वाघिणींची, पंचवीस लाख लिटरांची गाडी आली. तिला तीन सेकंद लागले असते. महासागराच्या एकाच लहरीची ही दोन टोके, आणि दोन्हीकडे माणसाने आपली भर घातली होती. तिकडे तलाव बुजविले गेले, इकडे अवर्षणप्रवण मुलखात उसाचे मळे वाढविले गेले.

पुराच्या बाबतीत मात्र मराठी माणसाला लातूरपेक्षा मुंबई आधी आठवेल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला अवघा ७३-७४. ताम्बरम आणि नुंगंबाक्कम यांच्या आकड्यांतली तफावत त्या मानाने सौम्यच म्हणावी. मिठीही अशीच तलावांच्या सांडव्यातून निघालेली, अठरा किलोमीटरांची, विमानतळाने दाबलेली, नदी असल्याचे विस्मरण झालेली नदी. तिचे नाव अनेक मुंबईकरांनी त्या दिवशी प्रथम ऐकले. चेन्नईला तो धडा दहा वर्षे आधी, छायाचित्रांसह, उपलब्ध होता.

पुरानंतर नदी मोकळी करण्याचे काम हाती घेण्यात आले. कोणापासून मोकळी करायची याचे उत्तर तयारच होते. अड्यारच्या पात्रालगत झोपड्या होत्या, त्यांत राहणारी कुटुंबे घरकामाला, बांधकामाला, भाजीच्या गाड्यांवर जवळपासच्या वस्त्यांतच जात. ती अतिक्रमणे ठरली आणि त्यांतली हजारो कुटुंबे शहराच्या दक्षिणेला दूरवर पेरुंबाक्कम येथील बहुमजली गाळ्यांत हलविण्यात आली. झोपडीत राहणे सुखाचे होते असे कोणी म्हणणार नाही. पहिले पाणी त्यांच्याच घरांत शिरले होते. परंतु पूरक्षेत्रात उभ्या असलेल्या मोठ्या इमारती, महाविद्यालये, कार्यालये आणि नदीवरची धावपट्टी जेथल्या तेथे राहिली. अतिक्रमण हा शब्द इमारतीच्या उंचीप्रमाणे अर्थ बदलतो. नव्या जागी मुलांच्या शाळा बदलल्या, बायकांची कामे सुटली, कारण सकाळी सहाला अड्यार किंवा मैलापूरच्या घरी भांडी घासायला पोहोचायचे तर बसने दीड-दोन तास आधी निघावे लागे.

पेरुंबाक्कम हे पळ्ळिकरणैच्या दलदलीच्या कडेला आहे. दक्षिण चेन्नईतील अनेक तलावांचे जास्तीचे पाणी समुद्राकडे जाण्याआधी ज्या सखल भागात विसावते तो हाच. २०२३ मध्ये, पुन्हा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा कार्तिकातच, ‘मिचाँग’ चक्रीवादळ किनाऱ्याजवळून सरकत गेले. या वेळी नावही होते आणि वाराही. ३ आणि ४ तारखेला शहरावर मुसळधार पाऊस कोसळला, विमानतळ बंद ठेवावा लागला. अड्यारकाठच्या वस्त्या २०१५ च्या मानाने बचावल्या. पाणी साचले ते दक्षिणेला, वेळच्चेरी, पळ्ळिकरणै आणि पेरुंबाक्कम येथे, आणि तेथून ते उतरायला कित्येक दिवस लागले.